लाल नळाची बारी

ओतूर,
वैशाख वद्य पंचमी, सन २००५

अग्नीचे जन्मजात वैरी, आमचे एकुलते एक मेहुणे संपतराव यांस हौशीराम मास्तरचा साष्टांग नमस्कार. (धाकट्याला आशीर्वाद द्यायचा असतो हे मी विसरलेलो नाही. नमस्कार का, ते शेवटी कळेल.)

तुमची प्रकृती उत्तम असेलच. पुण्याच्या अग्निशमन दलाचं जेवण अंगी लागतं हे भाऊबीजेला तुमच्याखाली मोडलेल्या आमच्या पाटानेच सांगितलं होतं. इकडे तुमच्या भगिनी साळुबाई यांची कंबर अगदी बरी आहे. तिसऱ्या मजल्यावर राहून, इमारतीची मोटर जळालेली असून, या उन्हाळ्यात त्यांना एकही घागर जिन्याने चढवावी लागली नाही. याचं श्रेय तुमचं. पुढे जे झालं तेही तुमचंच.

रमणलालशेठच्या या इमारतीच्या दर्शनी भिंतीवर, त्यांच्या कापडदुकानाच्या शेजारी, दोन पितळी तोंडांचा एक लाल नळ आहे. तो कशाला, हे तुम्ही येईपर्यंत कुणालाच माहीत नव्हतं. दसऱ्याला आम्ही त्याला झेंडूची माळ घालून मोकळे होत होतो. भाऊबीजेला तुम्ही जिन्यात उभे राहून व्याख्यान दिलंत, की आग लागली की बंबाचा पाइप खाली या तोंडाला जोडायचा, बंबाने पाणी रेटायचं, आणि ते उभ्या नळातून वर चढून हव्या त्या मजल्यावर लाल चक्री फिरवली की बाहेर येतं. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. आगीचा भाग आम्ही तिथेच विसरलो. पाणी आपोआप वर चढतं, एवढा सिद्धान्त मात्र साळुबाईंनी मनात जपून ठेवला.

चैत्रात मोटर जळाली. पप्पू टँकर घेऊन आला तेव्हा आमच्या सौभाग्यवती गॅलरीतून ओरडल्या, "आरं पप्पू, त्या लाल तोंडात घाल की पाइप!" तोंड मोठं, पाइप बारीक. पप्पूने पाइपावर पोतं गुंडाळलं, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी आवळली (कांद्याच्या वावरात अशा पट्टीवर अख्खा हंगाम निघतो), टँकरवरचं इंजिन सुरू केलं, आणि आमच्या दाराशी गंगावतरण झालं. भगीरथाला एवढी तपश्चर्या करायची काय गरज होती, असं मला त्या दिवशी प्रथमच वाटलं.

मग जे व्हायचं तेच झालं. आपण सगळे कालव्यावरची माणसं. पाणी दिसलं की आधी भांडण आणि मग बारी, म्हणजे पाण्याची पाळी. पहिल्या मजल्यावरच्या रमणलालशेठनी चक्री उघडली की वरच्यांकडे नुसती हवा फुसफुसे. दुसऱ्या मजल्यावरच्या गोजरबाई जिन्यात येऊन विचारत, "शेठ, तुमी कापड विकता का पाणी?" अखेर तीन मजल्यांच्या तीन बाऱ्या ठरल्या, चक्र्यांना साखळ्या-कुलपं लागली, आणि किल्ल्या कुशाबांच्या ताब्यात गेल्या. कुशाबा म्हणजे कालव्यावरून निवृत्त झालेले पाटकरी. आयुष्यभर पाणी सोडलं आणि तोडलं, कुणाच्या बापाला भ्याले नाहीत. किल्ल्या त्यांनी करगोट्याला बांधल्या. नियम मी लिहिले. ते चिकटवायला लाल नळावरची एक तयार पाटी सापडली. तिच्यावर आधी 'फक्त अग्निशमनासाठी' असं काहीतरी होतं.

आता परवाचा प्रसंग. रमणलालशेठच्या डिंपलचा साखरपुडा. व्याही मंचरचे, मोठं प्रस्थ. त्यातली वराची आजी म्हणजे साक्षात परीक्षक. गच्चीवर मांडव, मांडवाच्या कोपऱ्यात आचाऱ्याची भट्टी. वारा फिरला आणि मांडवाच्या झालरीने पेट घेतला. डिंपल नव्या शालूत रडू लागली. तिच्या आई प्यारीबाई आगीपेक्षा व्याह्यांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. शुभकार्यात अग्नी असा न बोलावता आला, की सोयरीक मोडायला दुसरं कारण लागत नाही.

साखर कारखान्याचा बंब मात्र चटकन आला, कारण तो बाजारात चहाला उभा होता. जवानांनी पप्पूची पट्टी कापली, आपला पाइप जोडला, वर धावले आणि तिसऱ्या मजल्याच्या चक्रीवर कुलूप पाहून थबकले.

"किल्ली कुणाकडं?"

"माज्याकडं," कुशाबा म्हणाले. "पर आज दुसऱ्या मजल्याची बारी हाय. तिसऱ्याचं पाणी उद्या."

"बाबा, वर आग लागलीय!"

"मंग उद्या लागायची व्हती."

मी नियमांचा कर्ता या नात्याने मध्ये पडलो, तर माझाच नियम मला ऐकवला गेला: ज्याची बारी त्याच्या संमतीशिवाय पाणी फिरणार नाही. गोजरबाईंना हाक गेली. त्या शांतपणे म्हणाल्या, "देते की. पर साळुबाई, तुमच्या म्होरल्या दोन बाऱ्या माज्या." वर झालर जळतेय, आणि जिन्यात सौदा. साळुबाई एकाच बारीवर अडून बसल्या! सौदा दीडवर पटला. (अर्धी बारी कशी मोजायची, याचा नियम मी अजून लिहितो आहे.) मग कुशाबा भिंतीकडे तोंड करून करगोटा सोडायला लागले.

तेवढ्यात खालच्या जवानाने पाणी रेटलं. ते तिसऱ्यावर आलं नाही, दुसऱ्यावर आलं नाही. पहिल्या मजल्यावर, जिथे त्या दिवशी बारी नव्हती, पण कुलूप नुसतं अडकवून चक्री उघडीच ठेवलेली होती, तिथून सुटलं आणि रमणलालशेठच्या दिवाणखान्यातून व्याह्यांच्या चपला घेऊन जिना उतरलं. शेठ चोरून पाणी घेतात, हे सगळ्या गावाला आणि मंचरला एकदम समजलं.

आग विझली ती पिंपांनी. घराघरातून पिंपं निघाली. आमची, गोजरबाईंची, आणि शेठच्या घरून तर निघतच राहिली. बायकांनी जिन्यात रांग लावली, डिंपलनेही पदर खोचला, आणि झालर, भट्टी, आचारी सगळं भिजवून टाकलं.

मग सगळे आजींकडे बघू लागले. आजी शेठच्या ओल्या दिवाणखान्यात गेल्या, राहिलेली पिंपं एकेक करून झाकण उचलून पाहिली, आणि बाहेर येऊन म्हणाल्या, "ऐन वैशाखात ज्या घरात एवढं पाणी साठलंय, तिथली पोर आमचं घर कोरडं ठेवणार न्हाई. पेढे आणा." पेढे भिजले होते. तसेच खाल्ले.

कळावे, लोभ आहेच. तो या पत्रानंतरही टिकावा.

आपला,
हौशीराम

ता. क. बंबाच्या साहेबांनी "हे कुणी शिकवलं?" असं विचारलं. मी मौन पाळलं, पण तुमच्या भगिनी अभिमानाने म्हणाल्या, "आमच्या संपतनं! पुण्याला मोठा सायब हाय." साहेबांनी नाव लिहून घेतलं. तुम्हाला फोन येईल. त्या दिवाळीला आपण ओतूरला आलोच नव्हतो, असं कृपया सांगावं. हेच काम होतं. नमस्कार त्यासाठी.

आणखी ता. क. लाल नळाची दोन्ही पितळी झाकणं साहेबांना सापडली नाहीत. भाऊबीजेला साळुबाईंनी तुम्हाला ओवाळून जी जड निरांजनं दिली, ती तेवढी परत पाठवावीत.

शेवटचा ता. क. बंबाचा जोर पप्पूच्या टँकरपेक्षा पुष्कळ चांगला आहे. गोजरबाई विचारतात, दर गुरुवारी पाठवता येईल का? त्यांची बारी असते.