आरुमने मान वळवली नाही

प्रिय लास्त्री,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुझ्या कपाळाला आठी पडली असेल. पडू दे. सव्वा वर्षात मी तुला साधा निरोपही धाडला नाही आणि आता एकदम पत्र! फोन दोनदा हातात घेतला, पण तुझा आवाज ऐकायला धजले नाही. गुडघे पार गेलेत माझे. जमिनीवर बसले की मुलंच हात देऊन उठवतात. पाळणाघरात आता एकवीस मुलं आहेत. शिलाई कारखान्याची नवी पाळी लागल्यापासून आया पहाटे सहालाच पोरं आणून सोडतात. तुझ्या जागी आलेली मुलगी कष्टाळू आहे, पण मूल खांद्यावरच्या झोळीत घेते ते बाजाराची पिशवी अडकवल्यासारखं. तू कमरेवर घेतलंस की पोर दोन मिनिटांत शांत व्हायचं. हे मी तुला तोंडावर कधी सांगितलं नाही, सांगायला हवं होतं.

आपला नियम आठवतो ना? मुलाचं पहिलं काहीही, दात, पाऊल, शब्द, इथे दिसलं तरी आईला सांगायचं नाही. तिला ते घरी दिसू द्यायचं. तू आलीस त्या दिवशीच मी तुला हे दटावून सांगितलं होतं, पण का ते सांगितलं नव्हतं. मी नवीन असताना एका आईला फाटकातच कौतुकाने म्हटलं होतं, तुमचा मुलगा आज पहिल्यांदा 'आई' म्हणाला. ती तिथेच मटकन बसली आणि रडली. म्हणाली, "मला न म्हणता तुम्हाला म्हणाला?" त्या दिवसापासून मी तोंडाला कुलूप लावलं, आणि पुढे आलेल्या प्रत्येकीला लावायला लावलं.

आरुम चालली तो दिवस तुला नक्की आठवत असेल. तिने पाण्याच्या माठापासून तुझ्या गुडघ्यापर्यंत चार पावलं टाकली आणि तू टाळ्या पिटायला लागलीस. मी डोळे वटारले. सोमवारी तिची आई, सुतीना, मला हाका मारत धावत आली, "बू, बू! काल पोरगी चालली हो! माझ्याकडेच आली!" आणि आपण सगळ्यांनी काय नाटक केलं! स्वयंपाकीणबाईंनी तर "अगंबाई, खरंच?" म्हणून हातातला झाराच खाली टाकला. सुतीना दिवसभर कारखान्यात ते सांगत होती म्हणे. मला माझ्या नियमाचा केवढा अभिमान वाटला होता.

मग रोज्यांचा महिना आला. त्यात एकदा दुपारी तू मला हाताला धरून आत नेलंस. मुलं पेज खायला ओळीत बसली होती. तू मागून जाऊन वाटीवर चमचा वाजवलास, सगळ्या माना वळल्या. आरुमचीही वळली, पण क्षणभर उशिरा, शेजारच्या पोराकडे बघून. मग तू तिला एकटीला भिंतीकडे तोंड करून बसवलंस आणि पुन्हा चमचा वाजवलास. आरुमने मान वळवली नाही. तू म्हणालीस, "बू, तिला ऐकू येत नाही. ती बाकीच्यांचं बघून वळते. सुतीनाताईंना आजच सांगू या."

आणि मी काय म्हणाले? सगळ्यांसमोर म्हणाले, "दीडशहाणी! इथे येऊन आठ महिने झाले नाहीत आणि निघाली डॉक्टर व्हायला. आईचं आईला कळेल, आपण तोंड उघडायचं नाही." बावीस वर्षं मुलं सांभाळली मी. कुठल्या रडण्याला भूक म्हणायचं आणि कुठल्या रडण्याला पोटदुखी, हे मला पाठ फिरवूनही कळतं. पण आईचा आनंद राखण्यासाठी गप्प बसणं वेगळं आणि मुलाचं दुखणं बघून गप्प बसणं वेगळं, एवढं मला कळलं नाही. ते तुला कळलं होतं.

त्यावर तू काय केलंस? ईदच्या सकाळी रीतीप्रमाणे आलीस, माझ्यापुढे गुडघे टेकलेस, माझा हात कपाळाला लावून म्हणालीस, "बू, वर्षभरात माझं काही चुकलं असेल तर माफ करा." आणि मी तुझ्या डोक्यावर हात ठेवून मोठ्या मनाने माफ केलं! सुट्टीनंतर तू आली नाहीस. मी म्हटलं, आजकालच्या मुली, टिकत नाहीत. त्या हाताची मला आता लाज वाटते.

दोन महिन्यांपूर्वी मुलांचं वजन घ्यायला आलेल्या नर्सबाईंना शंका आली. त्यांनी आरुमला शहरातल्या इस्पितळात पाठवलं. दोन्ही कान अधू आहेत. आता तिला यंत्रं लावली आहेत, आठवड्यातून दोनदा बोलायला शिकवायला नेतात. अडीच वर्षांची झाली, पण एक शब्द नाही. वर्षभर आधी आणली असती तर एव्हाना बोलू लागली असती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी सासू सुतीनाला रोज टोचते, "मशीनचा टाका चुकला तर कळतो, पोटची पोर बहिरी आहे हे नाही कळलं!" परवा ती माझ्याकडे येऊन ढसाढसा रडली. "बू, मी कसली आई? तुम्ही तरी तिला जीव लावलात." मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. तुझा दोष नाही गं, एवढंच म्हणाले. दोष कुणाचा, ते म्हणाले नाही. तिने कामही सोडलंय.

येत्या रविवारी मी तिच्या घरी जाणार आहे. सासूसमोर सांगणार आहे, की लास्त्रीने मला वेळेवर सांगितलं होतं आणि मी तिचं तोंड बंद केलं. पाळणाघरात मला ठेवतील की नाही, ते नंतर बघू. पण सुतीनाचा विश्वास बसणार नाही, मी तिची समजूत घालतेय असंच तिला वाटेल. ती तुझ्याकडे विचारायला येईल, म्हणून हे पत्र. तुझा स्वभाव मी ओळखून आहे. माझं वय बघून तू म्हणशील, "नाही हो, तेव्हा नक्की कळतच नव्हतं, बूंना तरी कसं कळणार?" तसं म्हणू नकोस, बाळ. तू मला वाचवलंस, तर ती उरलेलं आयुष्य स्वतःलाच दोष देत बसेल.

तुझीच,
वारसिती