उचललेला भंडारा

मिरजगाव, ता. कर्जत
६ जानेवारी

चि. सौ. राजनंदिनी हिस,
अ. उ. आ.

चिमूटभर भंडारा, बेलाचं एक पान आणि खंडोबाचं नाव. एक पक्कं मत मिळवायला एवढंच लागतं. याहून स्वस्त सौदा मी आयुष्यात पाहिला नाही. पत्र अशासाठी लिहितो की फोनवर राजकारण बोलू नये. तुझ्या गावात कोण कुणाचं बोलणं टिपून ग्रुपवर टाकील याचा नेम नाही. पत्र फॉरवर्ड करायचं तर आधी माझं अक्षर लागायला हवं.

परवा तुझ्याविरुद्ध सून उभी करणाऱ्या सूर्यभानच्या सभेला स्पीकर आपलाच होता. भाडं भाड्याच्या जागी, लेक लेकीच्या जागी. भाषणं संपली तरी माइक बंद करायचं कुणाला सुचलं नाही आणि मी कानाला हेडफोन लावून बसलेलो. सूर्यभान सांगत होता की रविवारपासून घरोघर ताट फिरवायचं, सुनेलाच मत देईन अशा शपथेचा बेलभंडारा उचलून घ्यायचा, एकदा ताटाला हात लागला की माणूस हालत न्हाई. तेव्हा सरपंच व्हायचं असेल तर तूही थांबू नकोस. जावई बजरंगरावांना सांग, उद्याच ताट काढा.

तू म्हणशील, आप्पा स्वतः देवाला हात जोडत नाहीत आणि मला हे सांगतात. अगं, एका फुटक्या कर्ण्यावर मी धंदा उभा केला. तोच कर्णा सप्त्याला लावला, नाताळात चर्चला लावला, सभेला लावला. सप्त्यातले म्हणतात आवाज वाढव. चर्चमधले योसेफ गुरुजी म्हणतात कमी कर, देव काही बहिरा नाही. पुढारी म्हणतो फक्त माझा वाढव. इतकी वर्षं कान देऊन बसलोय, मंडपाच्या पार टोकाला कोण काय कुजबुजतंय ते मला कळतं, पण देव बोललेला कधी ऐकला नाही. बोलतात ती माणसंच. माणसाच्या मनाला धाक लागतो आणि आपल्यातला पुरला नाही की ते देवाकडून उसना आणतं. तो धाक सूर्यभानने वापरायचा आणि तू नाही, हे कुठलं शहाणपण?

माझ्यालेखी भंडारा म्हणजे हळद. कुणी माझ्या हातावर ठेवला तर घरी आणून वरणात टाकीन आणि दोन घास जास्त जेवीन.

चांगुणाला गुडघ्याला तेल चोळत जा म्हणावं. भावाचं नाही तर सुनेचं तरी ऐक म्हणावं.

तुझ्या मायेवर पहिला हक्क सांगणारा,
आप्पा


वस्तीवरून, ता. शेवगाव
१० जानेवारी

ती. आप्पा यांस,
शि. सा. न.

पत्र पोचलं. तुमचं अक्षर मलाच दोन ठिकाणी लागलं नाही, तेव्हा फॉरवर्डची काळजी सोडा. समोरच्या पार्टीला स्पीकर देणारा बाप मला मिळालाय, हे मी प्रचारात सांगते. लोक हसतात आणि ऐकून घेतात.

पण स्वस्ताचा तुमचा हिशेब चुकला. ताट यांनी तुमच्या आधीच आणलं होतं. चांगुणाआत्याने उंबऱ्यातच ते यांच्या हातातून काढून घेतलं, फळीवर ठेवलं आणि खाली बसली. मग तिने जे सांगितलं ते तुम्हालाही ठाऊक नाही.

आत्या आणि तिची थोरली जाऊ लंकाबाई एका भिंतीला राहून पंधरा वर्षं बोलत नाहीत. तुम्ही समजता नळाच्या पाण्यावरून. मीही तेच समजत होते. त्या वर्षीच्या निवडणुकीत सूर्यभानचं ताट दारात आलं आणि आत्याने हात लावला. आठवड्याने लंकाबाईंनीच त्याच्याविरुद्ध अर्ज भरला. एकीकडे खंडोबाला दिलेला शब्द, दुसरीकडे सख्खी जाऊ. आत्याने शब्द पाळला. लंकाबाई एका मताने पडल्या. खोटं पोटात ठेवता येईना म्हणून आत्याने आपण होऊन जाऊन सांगितलं, की ते मत माझं.

तेव्हापासून ती देवळाची पायरी चढलेली नाही. रस्त्यावरूनच हात जोडते. मी का म्हणून विचारलं, तर म्हणाली की म्या द्येवाचं ऐकलं, मग त्यानं माझंच घर का मोडलं, एवढं त्याला इचारायचं हाय, आन् इचारायचं भ्याव वाटतं. आप्पा, मंडपाच्या टोकाची कुजबुज तुम्हाला कळते. पाठच्या बहिणीचं हे कसं ऐकू आलं नाही?

तुम्ही म्हणता, देव नाही म्हणून वापर. मी म्हणते, देव आहे म्हणून वापरणार नाही. आणि समजा नसला, तरी आत्या आहे. धाकाने आलेलं मत घेऊन मी सरपंच झाले, तर खुर्चीवर मी बसेन आणि कारभार धाकच करील.

माझं ठरलंय. येत्या रविवारी पारावर सभा घेते. तिथे सांगणार की ज्यांनी सूर्यभानच्या ताटाला हात लावला त्यांनी खुशाल शब्द पाळावा, माझा राग नाही, माझ्यापायी कुणाची झोप उडायला नको. आणि ज्यांनी लावला नाही त्यांनी यापुढे कुणाच्याच ताटाला लावू नये, माझ्याही नाही. हे ऐकल्यापासून यांनी अबोला धरलाय. धरू देत. तुम्ही स्पीकर पाठवा. मोठा पाठवा.

रागावलात तरी माया कमी करू नका.
तुमची हट्टी,
नंदा


मिरजगाव
१३ जानेवारी

चि. सौ. नंदा हिस,
अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानाचं शटर ओढून वाचलं. दर भाऊबीजेला मी चांगुणाकडे जेवतो आणि निघताना भिंतीवरून लंकाबाईंना हसत विचारतो, की काय वैनी, नळाला पाणी आलं का. दोघी गप्प बसायच्या. मला वाटायचं माझा विनोद जमला.

आता स्पष्ट सांगतो, असं बोललीस तर पडशील. ताटाला हात लावलेल्यांतले काहीजण डळमळत होते, तुझ्या गावातून ते माझ्या कानावर आलंय. तू त्यांना धीर देऊन, पक्कं करून सूर्यभानच्या पदरात घालायला निघालीस. समोरच्याची मतं कुणी अशी बांधून देतं का? राजकारणात हा येडेपणा मी ना ऐकला, ना स्पीकरवरून ऐकवला.

पण एक गोष्ट डोक्यातून जात नाही. मत टाकताना पुठ्ठ्याच्या आड चांगुणाला बघणारं कोण होतं? बटण कोणतं दाबलं हे कुणालाही कळलं नसतं. जावेला मत देऊन ती सुखाने राहिली असती. मी म्हणतो ती धाकाने वागली. मग नंतर जाऊन स्वतःच्या तोंडाने सांगितलं, ते कोणत्या धाकाने? तिथे देव होता की तिचं मन होतं की दोन्ही एकच, मला सांगता येत नाही. माझा कर्णा तिथवर पोचत नाही.

रविवारी मी स्वतः येतो. चार कर्णे आणतो. त्यातल्या एकाचं तोंड लंकाबाईंच्या घराकडे करतो.

तुझ्याशी वाद घालायचा हक्क राखून,
आप्पा


वस्तीवरून
२८ जानेवारी

ती. आप्पा यांस,
शि. सा. न.

निकाल तुम्हाला कळलाच असेल. पडले. तुम्ही म्हणालात तशीच आणि म्हणालात त्याच कारणाने. पण सभेनंतर तुम्ही टेम्पो भरून निघून गेलात, पुढचं तुम्हाला माहीत नाही.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी लंकाबाई आमच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. आधी तुमच्यावर तोंड सोडलं, की त्या रंगनाथच्या कर्ण्यानं माझ्या मांडणीवरची भांडी वाजली, असा कुठं स्पीकर लावत्यात व्हय. मग म्हणाल्या की या चांगुणावरच्या रागानं म्या सूर्यभानच्या ताटाला हात लावलाय, उद्या माझं मत आपल्या सुनेच्या विरोधात जानार, ते आधीच सांगायला आलेय, मागनं सांगायची मला सवय न्हाई.

आत्या ज्वारी निवडत होती. मान वर न करता एवढंच म्हणाली, की हात लावलाय तर पाळ. मग म्हणाली की बाई, तवा माझं काय झालं हुतं ते आता कळलं का. आम्हाला वाटलं आता भांडण पेटतं. पण लंकाबाई खाली बसल्या, आत्याच्या हातातलं सूप ओढून घेतलं आणि म्हणाल्या की खडे तसेच ठिवतीस, तुला आजून निवडाया येत न्हाई.

दुसऱ्या दिवशी दोघी मिळून मताला गेल्या. एकीने मला दिलं, एकीने दिलं नाही. मी रांगेत मागेच होते. पडणार हे मला तेव्हाच कळलं आणि आप्पा, खरं सांगते, वाईट वाटलं नाही.

गेल्या रविवारी लंकाबाईंनी हाताला धरून आत्याला खंडोबाच्या पायऱ्या चढवल्या. देवाला काय विचारलंस म्हटलं, तर म्हणाली की इचारलं काय न्हाई, आले म्हनून सांगितलं.

तिथला भंडारा तिने तुमच्यासाठी पुडीत बांधून दिलाय, सोबत पाठवते. तुमचं पहिलं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. म्हणाली की दादाला सांग, वरनात टाक.

यांचा अबोला सुटला. ग्रामसभेला मी पहिल्या रांगेत बसणार आणि पाच वर्षं प्रश्न विचारणार. त्याला स्पीकर लागणार नाही, माझा आवाज तुमच्यावर गेलाय.

येत जा, आणि नळाचं विचारत जा. आता दोघी हसतील.
तुमची,
नंदा


मिरजगाव
२ फेब्रुवारी

चि. सौ. नंदा हिस,
अ. उ. आ.

पत्र आणि पुडी दोन्ही पोचली. तू पडलीस त्याचं मला वाईट वाटलं. तुला वाटलं नाही, त्याचं थोडं जास्तच वाटलं. पहिल्या रांगेत बस. प्रश्न विचारताना उत्तर येईपर्यंत उभी राहा, माणसं उभ्या बाईला टाळू शकत नाहीत.

सूर्यभानचा फोन आला होता, सुनेच्या मिरवणुकीला स्पीकर पाहिजे म्हणून. कर्णे दुरुस्तीला गेलेत असं सांगितलं.

चांगुणाला आणि लंकावैनींना नमस्कार. दोघींच्या हातची भाकरी खायला येतो.

तुम्हा सगळ्यांच्या मायेत असू द्यावा असा,
आप्पा

ता. क. आज घरी वरण होतं. त्यात डब्यातली हळद घातली. पुडी शर्टाच्या वरच्या खिशात आहे.