तीन यंत्रांची एक यादी

बाबा, तुमच्या तिन्ही वह्या मी अजून टाकलेल्या नाहीत, पण उघडतही नाही. डिचोलीच्या आपल्या वर्कशॉपात आता सगळ्या यंत्रांची यादी एकच आहे, कॉम्प्युटरातली, माझी. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली तरी मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडतेच आहे, तर आज एकदाचं नीट भांडून घेते.

काजूची बोंडं रगडायचं आपलं यंत्र तीन प्रकारचं. हाताने फिरवायचं, मोटरवर चालणारं आणि फेणीच्या भट्टीवाल्यांचं मोठं. तुमच्याकडे प्रत्येकाची वेगळी वही, सुट्या भागांची यादी सुवाच्य मराठीत. मराठी की कोकणी या वादात तुम्ही मराठीच्या बाजूने भांडायचात, आणि तेही कोकणीतून. बेअरिंग बदललं की तिन्ही वह्यांत खाडाखोड. एकदा मोठ्या यंत्राच्या वहीत ती करायची राहून गेली, चुकीचं बेअरिंग गेलं, आणि तुम्ही खापर फोडलंत बेअरिंग विकणाऱ्या दुकानदाराच्या माथी. गोवा राज्य होऊन दहाएक वर्षं झाली असतील तेव्हा, मी पणजीहून डिप्लोमा करून नुकती परतले होते. मी कॉम्प्युटरात एकच चित्र केलं. तिन्ही यंत्रांचे सगळे भाग त्यातच. ज्या यंत्राला जे नको ते लपवायचं, की त्याची यादी आपोआप तयार. बेअरिंग एकदा बदललं की तिन्हीकडे बदलतं. तुम्ही चष्मा कपाळावर सारून पडद्याकडे बघता आणि कामगारांच्या देखत म्हणता, "यंत्र चित्रांत चलना गो बाये. सगळें सुटें करून पोत्यार मांड, मागीर मोज." मी हटत नाही म्हटल्यावर तुम्ही पैज लावता. "एक यंत्र तुज्या यादीन वचूं दी. चुकलें जाल्यार परत वही."

ते यंत्र हाताचं होतं आणि कोरगावला गेलं. आपण दोघं टेम्पोत पेट्यांसोबत. बागेत बोंडांचा ढीग पडलेला, आंबूस वास, चिलटं घोंघावतायत. एक दिवस उशीर झाला तर सगळा माल कुजणार. मी जोडत गेले. रोलर बसले, फिरवायचा दांडा रोलरच्या कण्यावर बसला, पण त्याला अडकवून धरणारी खीळ पेटीत नाही. मोटरच्या यंत्रात तीच खीळ पुली धरते, म्हणून चित्रात मी तिला मोटरच्या भागांत टाकली होती. मोटर लपवली, तिच्यासोबत खीळही लपली. बागेची मालकीण कमरेला पदर खोचून उभी. "बाये, दांडो बसता, पूण खीळ खंय?" मी पेटी पुन्हा उपसायला लागले. तेवढ्यात तुम्ही सदऱ्याच्या खिशातून खीळ काढलीत आणि मालकिणीकडे बघून हसलात. "तिणें शिकूंक जाय."

म्हणजे निघण्याआधीच तुम्ही माझी यादी वहीशी ताडून पाहिली होती. डिचोलीपासून कोरगावपर्यंत खीळ खिशात घेऊन शेजारी बसलात आणि चकार शब्द काढला नाहीत. म्हणे मी शिकायला हवं! बाबा, हे शिकवणं नव्हे. परक्या बाईसमोर पोटच्या पोरीला खाली बघायला लावलंत तुम्ही, त्याचा राग मला आजही येतो. पैजेप्रमाणे वही परत यायला हवी होती. मी शब्द मोडला. दुसऱ्या दिवशी खीळ चित्रात तिच्या जागी बसवली आणि तुमच्या वह्या माळ्यावर टाकल्या. चूक माझी होती, पद्धतीची नव्हती, हे तेव्हा तोंडावर सांगितलं, आता लिहूनही देते. आठवडाभर आई आपली दोघांचे निरोप इकडून तिकडे करत बसली. त्यानंतर तिन्ही तऱ्हेची यंत्रं कितीतरी गेली, माझ्या यादीने एकही अडलं नाही.

हे पत्र काही तुमच्यापर्यंत पोचायचं नाही, तेव्हा एक सांगून टाकायला हरकत नाही. हाताचं यंत्र पेटीत भरलं की मी कामगारांना चहाला पाठवते आणि एक जादा खीळ कागदात गुंडाळून आत टाकते. ती कुठल्याच यादीत नाही. वर्षाअखेरीला खिळी कमी भरतात, स्टोअर सांभाळणारा डोकं खाजवतो, आणि मी त्यालाच दटावते, नीट मोज, यादी चुकत नाही.