खालच्या कडेचा डाग

म्बिता
४ मे १९९७

चि. ओकुमू यास आजी अदोयोचे अनेक उत्तम आशीर्वाद.

तुला आठवत नसेल म्हणून सांगते, मी तुझ्या बापाची आई. काळी, ठेंगणी, रीतीप्रमाणे खालचे पुढचे दात काढलेली. नैरोबीला गेलं की माणसं आधी आजीला विसरतात, मग भाषेला. तू अजून पहिल्याच पायरीवर असशील अशी आशा आहे.

हे पत्र नेहमीप्रमाणे माझी सवत अपोंदी लिहिते आहे. मला अक्षर येत नाही, तिला गप्प बसता येत नाही, म्हणून दोघींचं जमतं. हे वाक्य ती लिहायला तयार नव्हती.

बसवाला ओगाडा सांगत होता की तू ओबुराकाकाची गिटार खरवडायला घेतली आहेस. म्हणे लाल रंग काढून तिला जुनी, झिजलेली करायची. अरे, जुनं व्हायला माणसाला काही करावं लागत नाही, माझ्याकडे बघ. एक ध्यानात ठेव. गिटार तुला वापरायला दिली आहे, कायमची नव्हे. ओबुरा परत आला की मागेल. तू रांगत होतास तेव्हा तो होडी घेऊन सरोवरात गेला, एवढंच. माणसांना उशीर होतो.

अकेलोला नववा लागला ना? तिला जड उचलू देऊ नकोस. माया आहे ती राहू दे, उत्तराला ओगाडाची बस आहेच.

तुझी आजी
अदोयो


कावांग्वारे, नैरोबी
११ मे १९९७

ती. आजीस ओकुमूचा शिरसाष्टांग नमस्कार. अपोंदीआजीसही.

विसरलो नव्हतो, लाजलो होतो. मी ज्या हॉटेलात वाजवतो तिथल्या मालकाला जुनी वाद्यं आवडतात. पाहुण्यांना वाटायला हवं की हिच्यावर तीन पिढ्या वाजल्या आहेत. म्हणून तारा, खुंट्या, आतलं वायरिंग सगळं काढलं. औषध लावलं, पत्र्याच्या पट्टीने लाल रंग सोलला. होडीचा रंग आहे गं तो, निघता निघेना. मग पॉलिश पेपरने लाकूड गुळगुळीत केलं, जवसाच्या तेलाचा हात दिला आणि मान खिळ्याला अडकवून टांगून ठेवली. वाजवणाऱ्याचा कोपर वरच्या कडेला घासतो, म्हणून तिथे मुद्दाम झीज आणली.

इथपर्यंत ठीक होतं. पण दुसऱ्या दिवशी खालच्या कडेला काळपट डाग उमटला. हाताच्या रुंदीचा, घामाने काळवंडल्यासारखा. ती कड तर मांडीवर टेकते, तिथे हात घासेल कसा? मी घासून काढला. सकाळी परत आला, जरा जास्तच गडद. मी आणलेली वरची झीज मात्र कुणी पुसल्यासारखी फिकी पडत चालली आहे.

शेजारच्या न्जोकीमावशीने अकेलोला विचारलं, दुपारी तुमच्याकडे कोण पाहुणे वाजवत बसतात, हात गोड आहे त्यांचा. दुपारी अकेलो बाजारात असते आणि मी तालमीला. गिटारला तर अजून एकही तार नाही.

तू हसशील म्हणून लिहिलं. हसलीस की कळव. तुझा हात माझ्या डोक्यावर तसाच राहो.

ओकुमू


म्बिता
१५ मे १९९७

चि. ओकुमू यास आशीर्वाद.

हसले. न्जोकीमावशीच्या कानात मळ असेल, तेल घालायला सांग. लाकडात मुरलेला घाम तेलाने वर येतो, त्यात काय एवढं. बाजारातून लाल रंग आण, चांगले दोन हात दे, आणि डाग झाकून टाक. हॉटेलवाल्याला सांग, आमच्या घरात जुनं झाकून ठेवायची रीत आहे. या विषयावर मला परत काही लिहू नकोस.

बाकी आमच्याकडे बरं आहे. बकरी व्यायली.

आजी

ता. क. : हे तिला वाचून दाखवलेलं नाही. ओबुरा डावखुरा होता. गिटार उलटी धरायचा. मग खालची कड वर येई आणि त्याचा हात तिलाच घासे. तुझं पत्र ऐकल्यापासून ती जेवायला बसलेली नाही. — अपोंदी


कावांग्वारे
२३ मे १९९७

ती. आजीस नमस्कार.

परत लिहितो आहे, हवं तर रागाव. अकेलो सोमवारी बाळंत झाली, मुलगा आहे. पण तो पीत नाही. छातीशी धरला की तोंड फिरवतो आणि रडतो. दवाखान्यात म्हणाले, पोर धडधाकट आहे, कारण सापडत नाही. काल त्याला सलाइन लावलं. आता रडण्यातही जोर राहिलेला नाही.

अकेलोची आई आली आहे. तिने रीतीप्रमाणे त्याला मांडीवर घेऊन आपल्या गेलेल्यांची नावं एकेक करून घेतली, ज्याच्या नावाला शांत होईल त्याचं ठेवायचं म्हणून. माझे आजोबा, पणजोबा, तिच्याकडचे सगळे. एकाही नावाला थांबला नाही. तिने विचारलं, तुमच्याकडचं कुणी राहिलंय का? मी नाही म्हणालो.

रंग दोनदा लावला, आजी. सगळीकडे वाळला. डागावर मात्र ओलाच राहतो आणि ओघळतो. खाली फरशीवर थेंब पडतात. पुसायला गेलो तर रंग नव्हताच, नुसतं पाणी होतं.

गेलेल्याचंच नाव ठेवतात, हे मला कळतं. ते नाव घेतलं की काय कबूल केल्यासारखं होईल, तेही कळतं. तू सांगितल्याशिवाय माझ्या तोंडून ते निघणार नाही. पण पोर उद्यापर्यंत टिकेल का, माहीत नाही. ओगाडा बस सोडण्याआधी हे हातात देतोय. उत्तर त्याच्याच हाती.

ओकुमू


म्बिता
२४ मे १९९७

चि. ओकुमू यास,

अपोंदीने ता. क. मध्ये काय खरडलं ते मला ठाऊक आहे. सवतीचं तोंड मला वाचता येतं.

तो लाल रंग ओबुराचा नव्हे, माझा. रिकामी होडी सापडली त्या आठवड्यात मी होडीचा उरलेला रंग घेऊन गिटार रंगवली. त्याच्या हाताची जागा दिसली की मला काम सुचत नसे. लोकांनी प्रेत मिळत नाही म्हणून रीतीप्रमाणे यागोच्या झाडाचं लांबट, जाडजूड फळ आणून त्याच्या जागी पुरलं. मी म्हणाले, फळ माझ्या पोरापेक्षा गुबगुबीत आहे. बायका हसल्या. मी रडले नाही. फळासाठी कोण रडतं? तेव्हापासून संध्याकाळी त्याचा वाटा काढून ठेवते. सकाळी कोंबड्यांना घालते आणि म्हणते, आज उशीर झाला वाटतं.

आता नीट ऐक. गिटारचा रंग काढून टाक. डाग राहू दे. तारा उलट्या लाव, त्याला लागतात तशा. मग पोराला मांडीवर घे, डाव्या कानाशी तोंड ने आणि म्हण, "ओबुरा, आत ये. बाहेर ओल आहे."

मी ते आज पहाटेच पाण्याकाठी उभं राहून म्हटलं आहे, पोचायला वेळ लागू नये म्हणून. पाणी अगदी गप्प होतं. माझ्या मागून कुणीतरी घराकडे चालत गेल्यासारखं वाटलं. मी वळून पाहिलं नाही. हे पोचेपर्यंत पोर पिऊन झोपलं असेल तर त्याला उठवू नकोस.

उद्या मी अंगणात बसून रडणार आहे, मोठ्याने. गाव येईल. एवढ्या वर्षांनी म्हणून हसतीलही, पण येतील, आणि रडायला येणाऱ्याला कोरडं पाठवत नाहीत. तर ओगाडाच्या बसने चहापूड पाठव, साखर भरपूर, आणि न कापलेले पाव, मोठे.

तुझी आजी
अदोयो