निळा पडदा

जिंतूर,
सोमवार, दुपार

प्रिय रेणू,

तू मागितलेल्या फोटोच्या चार प्रती या पाकिटात आहेत. त्यांच्यामागे ही चिठ्ठी दिसली तर दचकू नकोस. फोनच करणार होते, पण तुझा फोन कधी तुझे गोपाळराव उचलतात, कधी तुझ्या सासूबाई, आणि तू उचललास तरी मागे एस.टी.ची घरघर असते. माझं तुझ्याकडे एक काम आहे. ते सांगायचा धीर यायला मला जरा वेळ लागेल. तोवर तुझं थोडं कौतुक सहन कर. शाळेत असताना मी तुझ्या वेणीला शाई लावण्यापलीकडे काही केलं नाही, तेव्हा एवढं तर करूच दे.

होळीच्या आधी तू स्टुडिओत आलीस, तो दिवस माझ्या डोक्यातून जात नाही. डावा स्तन काढून आठ महिने झाले होते आणि डोक्यावर नुकते बोटभर केस उगवले होते. "राजे, माझा एक चांगला मोठा फोटो काढ," एवढंच तू म्हणालीस आणि मी त्याचा भलताच अर्थ घेतला. अगं, आपल्याकडची म्हातारी माणसं हातपाय चालतात तोवर येऊन आपला फोटो काढून ठेवतात, गेल्यावर घरच्यांची धावपळ नको म्हणून. गावातले आबासाहेब तर दर दोन वर्षांनी नवा काढतात, आधीचा त्यांना आवडेनासा होतो. स्टुडिओत आम्ही त्याला हाराचा फोटो म्हणतो. त्यासाठी बाबांच्या काळापासूनचा एक निळा पडदा आहे, पांढऱ्या ढगांचा. माझ्या आईचा शेवटचा फोटो त्याच पडद्यापुढचा. तिला काय झालं होतं ते घरात कुणी नावानिशी बोललं नाही. सगळे नुसतं दुखणं म्हणायचे.

तुला एका शब्दानं न विचारता मी तोच पडदा ओढला. तू स्टुलावर बसलीस आणि माझ्याकडे बघत म्हणालीस, "कॅमेरा उजव्या बाजूला कधीपासून अडकवायलीस गं?" मी म्हटलं, मान आखडलीय. कंडक्टरची नजर तुझी, कुणाची पिशवी कुठल्या सीटखाली आहे हेसुद्धा तुला कळतं.

पुढचं तर तुला माहीतच आहे. कॉम्प्युटरवर बसून मी तुझी उजवी बाजू उचलली, उलटी केली आणि डावीकडे बसवली. बोटभर केसांचा अंबाडा केला, डोळ्यांखालचं काळं पुसलं. माझ्या परीनं मी तुझ्यावर माया करत होते. काम इतकं सफाईदार झालं की सोनेरी फ्रेम मी माझ्याच पदरची लावली. तू काउंटरवर फ्रेमवरचा कागद सोडवलास, बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "ही बाई मेलेली हाय, राजे. मी न्हाई. मला सोमवारी ड्युटीवर जायचंय." ओरडली असतीस तर बरं झालं असतं. फोटो उलटा ठेवून तू निघून गेलीस आणि मी शटर अर्धं ओढून आतच बसून राहिले.

वाटलं होतं, ही आता परत पायरी चढायची नाही. पण रविवारी सकाळी तू हजर, खाकी ड्रेस घालून. सुलाबाईकडून तू तो नव्या मापानं शिवून घेतला होतास, डावीकडे सपाट, जशी आहेस तसा. त्याआधी तिनं कापूस भरून दिलेले ब्लाऊज, आणि परभणीला तपासणीला जाताना दर खड्ड्याला गळ्याकडे चढणारा तो कापूस, हे तू करून दाखवलंस तेव्हा आपण दोघी कितीतरी महिन्यांनी हसलो. मग तू आत आलीच नाहीस. पायरीवर उन्हात उभी राहिलीस, बॅगेचा पट्टा डाव्या खांद्यावरून घेतलास, बरोबर त्या व्रणावरून. दुखतंय का विचारलं तर म्हणालीस, "दुखतंय थोडं. व्हायलीय सवय." आणि छातीवरच्या बिल्ल्याकडे बोट करून, "बघ, आता कसा सरळ बसलाय. आधी वाकडाच ऱ्हायचा."

रेणू, बावीस वर्षं मी बायकांचे फोटो काढते. पोट आत घ्या, पदर नीट करा, हनुवटी खाली, जरा हसा. तुला सांगायला माझ्याकडे काहीच नव्हतं. तू विनातिकीट माणसाकडे बघतेस तशी कॅमेऱ्याकडे बघितलंस आणि मी बटण दाबलं. नंतर तू माझ्या खुर्चीमागे उभी राहिलीस, "माउसवरचा हात काढ" म्हणालीस आणि प्रिंट निघेपर्यंत हलली नाहीस. माझ्या हातून निघालेला हा सगळ्यात सुंदर फोटो आहे, आणि त्यात मी काहीच केलेलं नाही. मला तुझा फार अभिमान वाटतो. हे तोंडावर सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

शोकेसमध्ये लावू का विचारलं तेव्हा तू म्हणालीस, "लाव, पण नवरीच्या फोटोच्या वर लाव." तिथेच आहेस. परवा तुझ्या सासूबाई बाहेर उभ्या राहून कुणाला तरी सांगत होत्या, "आमची सून हाय ती. डायवर बी घाबरतो तिला." आणि दुसरं एक सुरू झालंय. बायका पासपोर्ट फोटोच्या निमित्तानं येतात, घुटमळतात आणि हळूच विचारतात, त्या कंडक्टरबाईला काय झालतं, आणि कुणाला दाखवलं. तू दिलेला डॉक्टरबाईंचा नंबर मी काउंटरमागच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय. आतापर्यंत पाच जणींना दिला.

सहावी मीच. काल मी तो स्वतःसाठी लावला. डाव्या काखेखाली गाठ आहे, दिवाळीपासून. कॅमेरा तिथे घासायचा. तुझी शंका खरी होती, मान माझी ठणठणीत आहे. त्या दिवशी मी पडदा तुझ्यासाठी ओढला नव्हता गं. तुला बघून मला आई दिसली, आणि आईच्या जागी मी. काल तो पडदा काढून मी माळ्यावर टाकला. डॉक्टरबाईंनी गुरुवारी बोलावलंय आणि घरी अजून कुणाला ठाऊक नाही. माझं काम एवढंच, की गुरुवारी तुझी नऊची गाडी दुसऱ्या कुणाला देऊ नकोस. मी पुढच्या दाराजवळ बसेन. काही विचारू नकोस, विचारलंस तर मी सगळ्यांसमोर रडेन. नेहमीसारखी पुढ्यात येऊन उभी राहा आणि मला एक परभणी दे. परतीचं तिकीट गाडीत आधी मिळत नाही, हे मला माहीत आहे. तरी मी मागणार आहे.

तुझीच,
राजी