आपला निळा कुत्रा

अण्णा, काल तुमच्या नातीला घेऊन बोईसरला सिनेमाला गेले होते. लहान मुलांचाच सिनेमा. एका एकलकोंड्या मुलाची मांजर जादूनं वाघाएवढी होते, तिला पंख फुटतात, आणि जी पोरं त्याला खेळात घेत नव्हती ती त्याच्या दारात गर्दी करतात. सगळं थिएटर खिदळत होतं. तुमची नात मात्र पॉपकॉर्न खायची थांबली आणि मला म्हणाली, "आई, पण मांजरीला कुणी विचारलं का, तुला पंख हवेत का म्हणून?" पुढचा सिनेमा मी पाहिलाच नाही. मला आपला कुत्रा दिसत होता.

सरावलीच्या चाळीत आपण गावाकडून नवे आलेलो. माझ्याशी कुणी खेळायचं नाही, मग मी आपल्या पांढऱ्या कुत्र्याशीच बडबडत बसायची. तो तुमच्या मागे मागे कंपनीपर्यंत जायचा. एकदा तो संध्याकाळी परत आला तो शेपटीच्या टोकापर्यंत निळा! तुमच्या रंगाच्या कारखान्यामागे रंगाच्या रिकाम्या गोण्यांवर लोळला होता आणि शिवाय कुठेतरी भिजलाही होता. चाळ गोळा झाली. शेजारच्या चाचांनी हातच जोडले, "अरे, ये तो सीधा शंकरजी के घर से आया है!" ज्या पोरी मला नावानंसुद्धा हाक मारत नव्हत्या त्या विचारत होत्या, "आमी हात लावू का गं?" मी म्हटलं, एकेकीनं या. काय तोरा होता माझा त्या दिवशी! तेवढ्यात तुम्ही आलात आणि चहासुद्धा न घेता त्याला नळाखाली धरलंत. गोडेतेल चोळताय, साबण लावताय, पुन्हा तेल. मी भोकाड पसरलंय. तुम्ही म्हणालात, "पोरी, ह्यो रंग नव्हं, इख हाय. चाटलं तर मरंल मुकं जनावर." कुत्रा पांढरा झाला आणि दुसऱ्या दिवसापासून पोरीही यायच्या बंद झाल्या.

आता ऐका. तुमचे रंगानं माखलेले कामाचे कपडे आई दारामागे वेगळ्या गोणीत ठेवायची, धुवायचीही वेगळे. थोड्याच दिवसांनी एका सकाळी तुम्ही रात्रपाळी करून झोपला होतात, आई पाण्याला गेली होती. मी तुमचा शर्ट काढला, ओला केला आणि कुत्र्याच्या अंगावर खसाखसा घासला, तो पुन्हा निळा होईपर्यंत. आपल्याला आंघोळ घालतायत असं वाटून तो शहाण्यासारखा उभा राहिला. माझे हातही चाटले त्यानं. इख आहे हे मला माहीत होतं, अण्णा. तुम्हीच सांगितलं होतं.

संध्याकाळपर्यंत तो ओकून ओकून आडवा झाला. पोटाची कातडी सोलवटली. तुम्ही कामावर गेला नाहीत, त्याच्याजवळ बसून वाटीनं पाणी पाजत राहिलात. मग मला जवळ ओढून म्हणालात, "माजंच चुकलं बाळा. त्यो माज्या मागं आला आन् मी वळून बघितलं न्हाई. माफ कर मला." कुणाचीही माफी मागणारा माणूस नव्हतात तुम्ही. आणि मी काय केलं? गाल फुगवून बसले, तुम्हाला आणखी दोनदा बोलायला लावलं, आणि मग म्हटलं, "बरं, केलं माफ."

तो जगला. पुन्हा कंपनीकडे जाऊ नये म्हणून तुम्ही त्याला मासवणला तुमच्या एका सोबत्याकडे देऊन आलात. नंतर मला सायकलवरून भेटायलाही नेलंत. ते काका म्हणाले, "लय गुणी हाय, काय त्रास नाय त्याचा." तुम्हाला पाहून त्यानं उडीच मारली. मी हात पुढे केला तर शेपूट पोटाशी घेऊन तुमच्या पायांमागे लपला. "इसरला वाटतं तुला. मनाला लावून घिऊ नगं," तुम्ही म्हणालात. तो काहीच विसरला नव्हता. त्यानंतर कामाला निघालात की चाळीच्या कोपऱ्यावर थांबून तुम्ही मागे वळून बघायचात. निवृत्त होईपर्यंत. मी दारातून पाहायची आणि आत यायची.

काल रिक्षातून घरी येताना मी तुमच्या नातीला निळ्या कुत्र्याची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितली. तिनं विचारलं, "धुतलं होतं ना त्याला? मग परत निळा कसा झाला?" मी तोंड उघडलं, आणि माझ्याच कानांनी ऐकलं, "आजोबांच्या मागे गेला असेल. त्यांचं लक्ष नव्हतं."

"आजोबांनी बघायला हवं होतं," ती म्हणाली.

मी हो म्हटलं, अण्णा.