न वाजलेली चाकं

४ मार्च

सुतार बाबांची होडी विकत घ्यायला तयार झाला. ताई म्हणाली, "सुटलो! परसात गवंडी शिरायला जागा तरी होईल." बाबांसाठी खालीच न्हाणीघर बांधायचं आहे. डावी बाजू गेल्यापासून ते खाटेवरच. जिना आता विसरा, डॉक्टर म्हणाले. मग होडीचं तर नावच नको.

बाबांना विचारलेलं नाही.

६ मार्च

न्यायची कशी? गाडा आहे — बाबांनीच केलेला, माझ्या बाबागाडीची चाकं लावून. पण ती अशी किंचाळतात की गल्लीभर कळायचं, स्वारी निघाली पाण्यावर! बाबांना झोपेतही कळेल.

तेल घालता येईल. पण तेलाचा डबा त्यांच्या खाटेखाली. मागायचा कोणत्या तोंडाने?

७ मार्च

नेली. हातांनीच.

दुपारी बाबांचा डोळा लागला. ताईने खिडकी लावून घेतली — "ऊन येतंय." भावजी पुढे, मी मागे, होडी पालथी डोक्यावर. आत अंधार, जुन्या रंगाचा वास. दिसत होत्या फक्त भावजींच्या टाचा. कोपऱ्यावर शिंपीणबाई ओरडल्या, "अगंबाई, होडीला पाय फुटले!" भावजी आतूनच, "चार फुटलेत, काकू!"

मीही हसलो. हसलो!

सुताराने बुडावर टकटक केली. "म्हाताऱ्याने लाकूड राखलंय हो."

८ मार्च

बाबा म्हणाले, "झाकलीयस ना रे नीट?"

म्हटलं, "हो."

१५ मार्च

बाबा काठी धरून खोलीत फेऱ्या मारू लागलेत. व्यायाम शिकवणाऱ्या बाई थक्क. "काका, एवढी घाई कुठे जायची?" बाबा नुसते मिशीत हसले. मी पाणी आणायला उठलो. तहान कुणालाच नव्हती.

ताईला म्हटलं, सांगून टाकू या. "आत्ता? चालायला लागलेत तर पाय कापतोस त्यांचे?"

गवंड्याचा अजून पत्ता नाही.

१९ मार्च

सकाळी बाबांची खाट रिकामी. धावत परसात गेलो.

काठी काखेत, उजव्या हातात तेलाचा डबा. रिकाम्या गाड्यापुढे उभे होते. माझ्याकडे पाहिलंच नाही. भिंतीला टेकून हळूहळू वाकले, दोन्ही चाकांना तेल घातलं.

म्हणाले, "आता वाजणार नाहीत. जा, घेऊन ये."